टायरन मॅथ्यूला एलएसयूने काढलं तेव्हा: कोचने काय केलं आणि काय करायचं राहिलं

१० ऑगस्ट २०१२, शुक्रवार. अमेरिकेतल्या लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचे, म्हणजे एलएसयूचे, अमेरिकन फुटबॉल कोच लेस माइल्स पत्रकारांसमोर आले आणि सांगितलं की टायरन मॅथ्यू आता टीममध्ये नाही. सीझनची पहिली मॅच १ सप्टेंबरला, जेमतेम तीन आठवडे उरले होते, आणि ज्याला काढलं तो बेंचवर बसणारा कोणी नव्हता, तो आदल्या वर्षीचा देशातला सगळ्यात गाजलेला डिफेन्स प्लेयर होता.

कॉलेज कोचने प्लेयरला टीममधून काढणं ही तिकडे अगदी रोजची नाही पण नवलाचीही गोष्ट नाही, दर सीझनला कुठे ना कुठे होतंच. बहुतेक वेळा तीन ओळींचं स्टेटमेंट येतं, "टीमचे नियम मोडले", संपला विषय. हे प्रकरण उचलायचं कारण असं की यात काढण्याच्या आधीचं, काढण्याच्या दिवसाचं आणि नंतरचं असं सगळंच बऱ्यापैकी उघड आहे, आणि त्यातून कोचचं काम नक्की कुठे चांगलं झालं आणि कुठे ढिलं पडलं ते नीट दिसतं. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे गोंधळ नको. काढण्याचा निर्णय बरोबर होता, ज्या पद्धतीने काढलं ती तर बरीच चांगली होती, पण त्याआधीचे दहा महिने जे चाललं होतं तिथे खरी गडबड आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही कारण पुढे पोराचं चांगलं झालं.

आधी मॅथ्यू कोण ते. न्यू ऑर्लीन्सचा पोरगा, १९९२ चा जन्म, वडील खुनाच्या गुन्ह्यात जेलमध्ये, काका-काकूंनी वाढवला. उंची पाच फूट नऊ इंच, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मानाने बुटकाच. पण मैदानावर समोरच्याच्या हातातून बॉल हिसकावून घेण्यात याचा हात कोणी धरू शकत नव्हतं, दोन सीझनमध्ये ११ वेळा त्याने समोरच्या प्लेयरच्या हातातून बॉल पाडला. 'हनी बॅजर' हे टोपणनाव त्यावरूनच, छोटा प्राणी पण कोणाला घाबरत नाही. २०११ च्या सीझनमध्ये एलएसयूने ओळीने १३ मॅचेस जिंकल्या, त्यातल्या अर्कान्सासविरुद्धच्या मॅचमध्ये याने ९२ यार्डांचं पंट रिटर्न करून, म्हणजे समोरच्यांनी लाथ मारून दिलेला बॉल घेऊन थेट त्यांच्या टोकापर्यंत धावून, टचडाउन केला, पुढच्याच आठवड्यात जॉर्जियाविरुद्ध एसईसी कॉन्फरन्सच्या, म्हणजे एलएसयू खेळतं त्या लीगच्या, फायनलमध्ये परत एक, आणि त्या मॅचचा सर्वोत्तम प्लेयरही तोच. वर्षाच्या शेवटी हाइसमन ट्रॉफीच्या पाच फायनलिस्टमध्ये याचं नाव. आता हाइसमन म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा वैयक्तिक पुरस्कार, तो बहुतेक वेळा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) नाहीतर रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) नेतात, डिफेन्सवाल्याचं नाव शेवटच्या यादीपर्यंत पोचणं हेच मुळात दुर्मिळ. तो पाचवा आला. सर्वोत्तम डिफेन्स प्लेयरचा बेडनारिक अवॉर्ड मात्र त्यालाच मिळाला.

नॅशनल चॅम्पियनशिपची फायनल ते जानेवारी २०१२ मध्ये अलाबामाकडून २१-० असे हरले. म्हणजे बघा, पुढचा सीझन हा हिशोब चुकता करायचा सीझन होता. ऑगस्टमध्ये कोचेस पोल, म्हणजे कोच लोकांच्या मतांवरची क्रमवारी, आला त्यात एलएसयू पहिल्या नंबरवर. आणि त्यानंतर जवळपास आठवडाभरातच ही बातमी.

आता त्या दहा महिन्यांकडे येतो.

ऑक्टोबर २०११ मध्ये, सीझन ऐन रंगात असताना, मॅथ्यू आणि आणखी दोन प्लेयर ऑबर्नविरुद्धच्या मॅचला बाहेर बसवले गेले. सिंथेटिक मारिवानाची टेस्ट पॉझिटिव्ह आली असं बातम्यांमध्ये होतं. एक मॅच. ती मॅच एलएसयूने ४५-१० ने जिंकली, म्हणजे तिघं नसल्याचं काही जाणवलंच नाही, आणि पुढच्या मॅचला तिघेही परत. ती पुढची मॅच होती अलाबामाविरुद्ध, सगळा देश बघत होता ती. मी असं म्हणत नाहीये की अलाबामाची मॅच समोर होती म्हणून शिक्षा एकाच मॅचची ठेवली, त्याला माझ्याकडे काही पुरावा नाही, आणि पहिल्यांदा पकडलं तर हलकी शिक्षा आणि सोबत समुपदेशन हे बऱ्याच युनिव्हर्सिट्यांच्या पॉलिसीत असतंच. पण प्लेयरच्या डोक्यात काय गेलं असेल याचा विचार करा. एक मॅच बसलो, परत आलो, पंट रिटर्न केले, टीव्हीवर टोपणनाव, हाइसमनचं आमंत्रण. एकोणीस वर्षांच्या पोराला यातून काय कळणार, की मामला फारसा गंभीर नाही.

पुढे २०१३ च्या ड्राफ्टआधी, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या टीम्स कॉलेजचे प्लेयर निवडतात त्याआधी, टीम्सनी त्याची मुलाखत घेतली तेव्हा त्याने म्हणे सांगितलं की किती टेस्ट फेल झाल्या ते मोजणं मी सोडून दिलं होतं, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. नेमका आकडा बाजूला ठेवा, पण एक गोष्ट तर दिसतेच की ऑगस्ट २०१२ चा दिवस अचानक आभाळातून पडलेला नव्हता. म्हणून मला वाटतं कोणत्याही कोचने या प्रकरणातून काढण्याचा दिवस अभ्यासायच्या आधी हा मधला काळ अभ्यासावा, पहिल्या शिक्षेनंतर त्या प्लेयरच्या आयुष्यात काय बदललं, कोण त्याच्याशी दर आठवड्याला बोलत होतं, ट्रीटमेंट होती की नुसती टेस्ट होती. टेस्ट म्हणजे ट्रीटमेंट नाही, पण कॉलेजच्या सिस्टीममध्ये हे दोन्ही एकच असल्यासारखं चालतं. टेस्ट करायला लॅब आहे, बजेट आहे, फाइल आहे. दुसऱ्या कामाला माणूस लागतो आणि तो माणूस कोण हे कुठेच लिहिलेलं नसतं.

बरं, आता तो शुक्रवार.

माइल्स काय बोलले त्याचा सारांश असा की आजचा दिवस टीमसाठी खूप अवघड आहे, आम्ही एक चांगला माणूस आणि चांगला सहकारी गमावतोय, पण आमच्याकडे प्लेयर्ससाठी एक मापदंड आहे आणि तो पाळला गेला नाही की परिणाम भोगावे लागतात. त्याला पुढे यश मिळावं म्हणून आम्ही जे करता येईल ते करू असंही सांगितलं. आणि नक्की कोणता नियम मोडला? ते सांगितलं नाही. पत्रकारांनी वेगवेगळ्या बाजूंनी विचारून पाहिलं, माइल्सनी दाद दिली नाही, टीमच्या आणि युनिव्हर्सिटीच्या नियमांचं उल्लंघन एवढंच.

काही लोकांना हे लपवाछपवी वाटलं. मला उलट हेच सगळ्यात बरोबर केलेलं काम वाटतं. एक तर कायदा आहे, अमेरिकेत १९७४ पासून विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा केंद्रीय कायदा आहे, फेर्पा म्हणतात त्याला, आणि विद्यार्थ्यावर झालेल्या शिस्तीच्या कारवाईच्या नोंदी कॉलेजने अशा चव्हाट्यावर मांडायच्या नसतात. पण कायदा क्षणभर विसरा. कोचच्या तोंडून एकदा "ड्रग्ज" हा शब्द अधिकृतपणे बाहेर पडला की तो त्या पोराच्या नावाला कायमचा चिकटतो. बातम्यांमध्ये लगेच सगळं आलंच, ते येणारच होतं, पण सूत्रांच्या हवाल्याने आलेली बातमी आणि स्वतःच्या कोचने माइकवर उच्चारलेलं वाक्य यात फरक आहे. पहिलीबद्दल पोरगा स्वतः कधी बोलायचं ते ठरवू शकतो, दुसऱ्यात त्याच्या हातात काही उरत नाही. मॅथ्यू नंतर स्वतः बोलला, मोकळेपणाने बोलला, आणि त्याने ते स्वतःच्या वेळेला केलं.

दुसरी गोष्ट म्हणजे माइल्सनी त्याची निंदा केली नाही. हे सोपं वाटतं पण तसं नाहीये. स्टार प्लेयरला काढल्यावर कोचवर प्रेशर असतं की आपला निर्णय बरोबर होता हे लोकांना पटवायचं, आणि त्याचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे प्लेयर किती वाईट होता ते सूचकपणे सांगत राहणं, "आम्ही खूप संधी दिल्या", "आम्ही सगळं करून पाहिलं", "काही लोकांना मदत नकोच असते" वगैरे. ऐकायला सौम्य वाटतात ही वाक्यं पण यातलं प्रत्येक वाक्य स्वतःला वाचवायला पोराच्या अंगावर ढकललेलं असतं. माइल्सनी त्याच्या वागण्यावर बोट ठेवलं आणि माणसाला बाजूला ठेवलं. माइल्स तसे बोलण्यात भलतेच तिरपागडे म्हणून प्रसिद्ध होते, वाक्य कुठे सुरू होऊन कुठे संपेल याचा नेम नसायचा, आणि मैदानावरचं गवत तोंडात टाकून चघळायचे, त्यामुळे त्यांच्याकडून इतकं मोजकं बोलणं ऐकताना जरा वेगळंच वाटतं.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. टीमच्या दृष्टीने तीन आठवडे आधी म्हणजे वाईट वेळ. पण प्लेयरच्या दृष्टीने? तेव्हाचे नियम बघा. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची नियामक संस्था, तिच्या वरच्या गटातल्या, म्हणजे एफबीएसमधल्या, एका कॉलेजमधून तशाच दुसऱ्या कॉलेजला गेलास तर एक वर्ष बाहेर बसायचं. खालच्या एफसीएस गटातल्या कॉलेजला गेलास तर लगेच खेळता यायचं. आणि एनएफएलमध्ये जायला हायस्कूल संपून तीन वर्षं व्हावी लागतात, मॅथ्यूची दोनच झाली होती, त्यामुळे तो दरवाजा २०१३ पर्यंत बंद. म्हणजे त्याला त्या वर्षी खेळायचं असेल तर एकच रस्ता, एफसीएस, आणि तोही सेमिस्टर सुरू व्हायच्या आत ॲडमिशन झाली तरच. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सांगितल्यामुळे तो रस्ता निदान उघडा राहिला. तो लुईझियानातल्याच मॅकनीस स्टेटला जाऊनही आला, तिकडे जवळजवळ ठरलं असं वाटत होतं. हाच निर्णय सप्टेंबरच्या मध्यावर झाला असता तर तेही गेलं असतं. माइल्सनी मुद्दाम हे गणित करून तारीख ठरवली असं मी म्हणणार नाही, कारवाई बहुधा जेव्हा व्हायची तेव्हाच झाली, पण ज्या कोचच्या हातात दोन-चार आठवड्यांचा फरक असतो त्याने हे गणित नक्की करावं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी कारण आपल्याकडच्या वाचकांना ही सिस्टीम जरा अनोळखी आहे. कोच प्लेयरला टीममधून काढू शकतो. युनिव्हर्सिटीतून नाही. आणि स्कॉलरशिप ही तिसरीच गोष्ट. या तिन्ही वेगवेगळ्या टेबलांवरच्या फायली आहेत. टीममध्ये कोण राहणार ते कोच ठरवतो, विद्यार्थी म्हणून राहणार की नाही ते युनिव्हर्सिटी ठरवते, आणि स्कॉलरशिप वर्षाच्या मध्ये काढून घ्यायची तर एनसीएएचे नियम आडवे येतात. खेळ खराब झाला किंवा दुखापत झाली म्हणून मध्येच काढता येत नाही, गंभीर गैरवर्तनासारखं कारण लागतं, ते कारणही युनिव्हर्सिटीच्या नेहमीच्या शिस्त यंत्रणेने ठरवायचं असतं, नुसतं कोचने म्हणून चालत नाही, आणि विद्यार्थ्याला दाद मागायची संधी द्यावी लागते, तीसुद्धा ॲथलेटिक डिपार्टमेंटच्या बाहेरच्या लोकांसमोर. कोचने रागाच्या भरात "तुझं इथलं सगळं संपलं" असं म्हटलं तर ते अर्धं खोटं असतं, पण एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला ते माहीत नसतं, तो ते खरं धरून सामान आवरायला लागतो. मॅथ्यूच्या बाबतीत टीम गेली पण विद्यार्थी म्हणून दार बंद झालं नाही, आणि याचा पुढे प्रत्यक्ष उपयोग झाला.

झालं असं की मॅकनीसला जायच्याऐवजी मॅथ्यू ह्यूस्टनला गेला, जॉन लुकास यांच्याकडे. लुकास हे एनबीएचे माजी खेळाडू आणि कोच, स्वतः व्यसनातून बाहेर आलेले, नंतर खेळाडूंसाठीच असा प्रोग्राम चालवणारे. थोड्याच आठवड्यांनी मॅथ्यू परत एलएसयूलाच आला, साधा विद्यार्थी म्हणून, वर्गात बसायला. टीममध्ये पुन्हा घेतील ही आशा त्याला असावी असं तेव्हा बरेच जण म्हणत होते.

आणि मग २५ ऑक्टोबरला अटक. मारिवाना बाळगल्याचा आरोप, सोबत एलएसयूचे आणखी तीन माजी प्लेयर.

म्हणजे काढलं, आणि काढल्याने तो सुधारला असं काही झालं नाही. निदान लगेच तरी नाही. हे प्रकरण सांगताना लोक हा भाग गाळतात. "कोचने कडक निर्णय घेतला, पोराला शॉक बसला, पोरगा ताळ्यावर आला" अशी सरळ गोष्ट सांगतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर अडीच महिने, ह्यूस्टनचे थोडे आठवडे सोडले तर, तो त्याच गावात, त्याच मित्रांमध्ये, फक्त टीमचं वेळापत्रक नाही, सकाळची प्रॅक्टिस नाही, जेवायला टीमचं टेबल नाही. प्लेयरला टीममधून काढणं म्हणजे शिक्षेसोबत त्याच्या दिवसाचं कुंपणही काढून घेणं. ज्याचा प्रॉब्लेमच मोकळा वेळ आणि संगत हा आहे त्याला तुम्ही भरपूर मोकळा वेळ आणि तीच संगत दिली. मग "आम्ही मदत करू" या वाक्याचा अर्थ काय, हे कोणीतरी लिहून काढायला हवं होतं. कोण फोन करणार, किती दिवसांनी, राहणार कुठे. आता एलएसयूच्या स्टाफने खाजगीत काय काय केलं ते बाहेरून दिसत नाही, कदाचित बरंच केलं असेल. पण निकाल समोर आहे.

यानंतर त्याने एलएसयू सोडलं, सराव सुरू केला, आणि इथे पॅट्रिक पीटरसन येतो. पीटरसन हा एलएसयूमधला त्याचा सीनियर, तोपर्यंत ॲरिझोना कार्डिनल्समध्ये स्टार झालेला. मॅथ्यूने २०११ मध्ये जो ७ नंबर घातला तो आधी पीटरसनचाच होता. पीटरसनने त्याला जवळ घेतलं, सोबत सराव केला, आणि कार्डिनल्सच्या लोकांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. एप्रिल २०१३ च्या ड्राफ्टमध्ये कार्डिनल्सनी त्याला तिसऱ्या राउंडला, ६९ व्या नंबरला घेतलं. एलएसयूमध्ये काही झालं नसतं तर बराच वर गेला असता असं बहुतेकांचं मत. कराराचे पैसेही म्हणे असे बांधले होते की बोनस एकदम हातात न येता टीममध्ये राहण्याशी आणि टेस्ट क्लीन येण्याशी जोडलेला. कोच ब्रूस एरियन्स. पुढचं लोकांना माहीत आहे, २०१५ मध्ये ऑल-प्रो, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम प्लेयरांच्या टीममध्ये निवड, २०१६ मध्ये ५ वर्षांचा ६ कोटी २५ लाख डॉलरचा करार, फेब्रुवारी २०२० मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सबरोबर सुपर बोलचं, म्हणजे एनएफएलच्या फायनलचं, विजेतेपद, आणि २०१० च्या दशकाच्या एनएफएल टीममध्ये नाव.

आता याचं श्रेय कोणाला? माझ्या मते काढण्याच्या निर्णयाला फार थोडं. एलएसयूने दार लावलं ते बरोबर केलं पण दार लावणं म्हणजे उपचार नव्हे, उपचार पीटरसन, लुकास, एरियन्स आणि मुख्य म्हणजे मॅथ्यू स्वतः यांनी केला. फक्त एवढंच म्हणता येईल की माइल्सनी काढताना त्याच्या नावाला चिखल लावला नाही, त्यामुळे आठ महिन्यांनी जेव्हा एनएफएलचे लोक चौकशी करत होते तेव्हा जुन्या कोचची वाईट वाक्यं कोणाच्या फाइलमध्ये नव्हती. ते कमी नाही.

आणि टीमचं काय झालं? कोणाला वाटेल स्टार गेला म्हणजे डिफेन्स कोसळला असेल. पहिल्या वर्षाच्या जेलन मिल्सला डिफेन्समध्ये मॅथ्यूच्या जागी कॉर्नरबॅक म्हणून उभं केलं, त्याने त्या सीझनच्या १३ च्या १३ मॅचेस सुरुवातीपासून खेळल्या, नंतर तो एनएफएलमध्येही गेला. पंट रिटर्नचं काम ओडेल बेकहॅम ज्युनियरकडे आलं, हो तोच बेकहॅम, आणि पहिल्याच मॅचला नॉर्थ टेक्सासविरुद्ध त्याने पंट रिटर्नवर टचडाउन मारला. सीझन १०-३. वाईट अजिबात नाही, पण आधीचं वर्ष १३-१ चं होतं. फ्लोरिडाकडून १४-६, अलाबामाकडून २१-१७, आणि शेवटी सीझननंतरच्या बोल मॅचमध्ये क्लेमसनकडून २५-२४. तिन्ही मॅचेस थोडक्यात गेलेल्या, आणि एखाद्या रिटर्नने किंवा हिसकावलेल्या एखाद्या बॉलने यातल्या दोन तरी फिरल्या असत्या का, हा प्रश्न एलएसयूचे फॅन आजही चघळत असतात. म्हणजे किंमत होती, खरी होती, आणि ती मोजली गेली.

माइल्सना ही किंमत आधीपासून माहीत होती, कारण हे त्यांनी एकदा केलेलं होतं. रायन पेरिलूक्स, क्वार्टरबॅक, २००७ च्या एसईसी फायनलचा सर्वोत्तम प्लेयर, जानेवारी २००८ मध्ये एलएसयू नॅशनल चॅम्पियन झालं, आणि २००८ च्या सीझनसाठी मुख्य क्वार्टरबॅक हाच असणार हे सगळ्यांनी धरलेलं. एकापेक्षा जास्त वेळा सस्पेंड होऊन झाल्यावर मे २००८ मध्ये माइल्सनी त्याला काढला. तो जॅक्सनविल स्टेटला गेला, एफसीएसलाच. एलएसयूकडे तयार दुसरा क्वार्टरबॅक नव्हता, नवख्या पोराला उतरवावं लागलं, त्याचे सात पास समोरच्या टीमने पकडून थेट टचडाउनला नेले, आणि चॅम्पियन टीमचा पुढचा सीझन ८-५ वर आला. म्हणजे २०१२ मध्ये जेव्हा ते म्हणाले की परिणाम भोगावे लागतात, तेव्हा ते परिणाम टीमलाही भोगावे लागतात हे त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलेलं होतं. यामुळे मला त्या निर्णयाबद्दल जास्त आदर वाटतो.

पण मग २०१३ येतं आणि सगळं जरा किचकट होतं. रनिंग बॅक जेरेमी हिल. आधीच्या एका प्रकरणात प्रोबेशनवर असतानाच त्याने बारच्या बाहेर एकाला ठोसा मारला, त्याचा व्हिडिओ निघाला, जुलैमध्ये त्याने गुन्हा कबूल केला. ऑगस्टमध्ये कोर्टाने जेलमध्ये पाठवलं नाही, आणि माइल्सनी काय केलं, तर टीमला मतदान करायला लावलं. हिलला परत घ्यायचं का? टीमने हो म्हटलं, तो परत आला, आणि त्या सीझनला १,४०१ यार्ड धावला.

मला हे मतदान अजिबात आवडलं नाही. टीमचं मत विचारात घेणं वेगळं आणि निर्णय टीमवर टाकणं वेगळं. वीस वर्षांच्या पोरांनी आपल्या लॉकरशेजारच्या मित्राविरुद्ध मत कसं द्यायचं, आणि मार खाल्लेल्या माणसाला त्या खोलीत मत कुठे होतं? वर्षभरापूर्वी मापदंडाची भाषा आणि आता बहुमताची. एकाने गांजा ओढला त्याला बाहेर, दुसऱ्याने माणसाला मारलं त्याला मतपेटीतून आत. दोन प्रकरणं तंतोतंत सारखी नाहीत हे मान्य, किती वेळा ताकीद दिली होती, कॉलेजची लिखित पॉलिसी काय म्हणत होती, हे सगळं वेगळं असणार. पण मॅथ्यूच्या जागी बसून बघितलं तर? कोच जेव्हा कारण सांगत नाही, आणि मी वर म्हटलं तसं ते न सांगणंच योग्य, तेव्हा लोकांचा विश्वास बसायला एकच आधार उरतो, की हा माणूस दर वेळी सारखाच वागतो. तो आधार गेला की न सांगणं हे लपवणं वाटायला लागतं.

बाय द वे, माइल्स यांचं स्वतःचं पुढे काय झालं तेही या फाइलमध्ये लावायला हवं. २०१६ मध्ये सीझन सुरू असतानाच एलएसयूने त्यांना काढलं. मार्च २०२१ मध्ये जुनी कागदपत्रं बाहेर आली की २०१३ मध्ये एलएसयूने त्यांचीच चौकशी केली होती, तिथे काम करणाऱ्या विद्यार्थिनींशी वागण्याबद्दलच्या तक्रारींवरून. त्यांनी आरोप नाकारले होते, आणि हे प्रकरण आठ वर्षं गुपचूप राहिलं. बाहेर आल्यावर काही दिवसांतच कॅन्सस युनिव्हर्सिटीतली त्यांची नोकरी गेली. २०१३, म्हणजे हिलच्या मतदानाचंच वर्ष. कोचसाठी मतदान वगैरे कोणी घेतलं नव्हतं.

आणि ज्या २०१२ च्या सीझनसाठी एवढी किंमत मोजली त्याचे दहाच्या दहा विजय आता अधिकृत नोंदीत नाहीत. २०२३ मध्ये एनसीएएच्या कारवाईत एलएसयूचे २०१२ ते २०१५ चे ३७ विजय रद्द झाले, कारण पूर्ण वेगळंच, एका लाइनमनच्या वडिलांना एका देणगीदाराकडून गेलेले पैसे. मॅथ्यूचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण नियम कोणावर कधी लागतात याचं हे एक विचित्र उदाहरण आहेच.

आज हेच प्रकरण घडलं तर? जून २०२४ मध्ये एनसीएएच्या डिव्हिजन वनने गांजाला बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीतून काढून टाकलं, युनिव्हर्सिट्यांच्या स्वतःच्या पॉलिसी आणि राज्यांचे कायदे वेगळे, पण वातावरण पार बदललंय. ट्रान्सफरचं ते एक वर्ष बसायचं बंधनही गेलं, म्हणजे एका कॉलेजने काढलेल्या हाइसमन फायनलिस्टला दुसरं मोठं कॉलेज हसत हसत घेईल, वर जाहिरातींचे पैसेही मिळतील. कोचच्या हातातलं काढण्याचं हत्यार बोथट झालंय असं काही कोच कुरकुरतात. मला ती कुरकुर फारशी पटत नाही. हत्यार बोथट झालं असेल तर पहिल्या पॉझिटिव्ह टेस्टनंतरच्या आठवड्यात काय करायचं याचा विचार त्यांना आता तरी करावा लागेल, ऑक्टोबर २०११ मध्ये ऑबर्नची मॅच ४५-१० ने जिंकल्यावर जो करायची कोणाला गरज वाटली नव्हती.